हम लोग परत बघायचीय? मग नुसती प्ले करू नका

दूरदर्शनवरची हम लोग मालिका म्हटलं की पन्नाशीच्या आसपासच्या माणसाच्या डोक्यात तीन गोष्टी येतात, अशोक कुमार, बडकी आणि मॅगी. बाकी सगळं धूसर. आणि म्हणूनच माझं म्हणणं आहे की परत बघायचीच असेल तर थोडी तयारी करून बघा, कारण मोबाईलवर शोधून तडक प्ले केलं की दहा मिनिटांत वाटतं अरेच्चा हे एवढं संथ होतं का, आवाज काय असा बसलेला, चित्र काय मळकं, आणि माणूस बंद करून परत रील्स बघायला लागतो. नंतर सगळ्यांना सांगत फिरतो की जुन्या मालिका आता बघवत नाहीत हो. बघवतात. पण ती मालिका ज्या पद्धतीने बघायला बनवली होती त्याच्या थोडं तरी जवळ जाऊन बघावी लागते, एवढंच.

ज्यांना अजिबातच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. ७ जुलै १९८४ ला दूरदर्शनवर सुरू झाली, १७ डिसेंबर १९८५ ला संपली, १५६ भाग. लेखक मनोहर श्याम जोशी, दिग्दर्शक पी. कुमार वासुदेव, संगीत अनिल विश्वास यांचं. उत्तरेतलं एक हिंदी बोलणारं निम्न मध्यमवर्गीय कुटुंब, दारू पिणारे बाप बसेसर राम, सगळं सोसणारी आई भागवंती, फौजेतून रिटायर झालेले दादाजी, तोंडाळ पण प्रेमळ दादी, आणि पाच मुलं, बेकार लल्लू, क्रिकेटर व्हायचंय तो नन्हे, लग्नाची बडकी, हिरॉईन व्हायचंय ती मझली आणि डॉक्टर व्हायचंय ती छुटकी. भारतातली पहिली सोप ऑपेरा म्हणतात ती हीच.

आता तयारी.

सगळ्यात आधी एक कागद घ्या. हो, कागदच. मालिका शोधायच्या आधी, गुगल करायच्या आधी, विकिपीडिया उघडायच्या तर कितीतरी आधी, तुम्हाला जे आठवतंय ते लिहून काढा. दादी कशी बोलायची, लल्लूचं शेवटी काय झालं, बडकीचं लग्न कोणाशी झालं, मझली मुंबईहून परत आली का, शेवटच्या भागात काय होतं. घरातल्या ज्यांनी ज्यांनी तेव्हा बघितली होती त्यांना वेगवेगळं लिहायला लावा, एकमेकांना न विचारता. आमच्याकडे आईने, आत्याने आणि मोठ्या दादाने लिहिलं तर तिघांच्या तीन वेगळ्या मालिका निघाल्या, दादाच्या हम लोगमध्ये निम्मं तर क्रिकेटच होतं आणि आत्याच्या मते मझलीला आईबापांनी डोक्यावर बसवून ठेवलं होतं. हे कागद जपून ठेवायचे, शेवटचा भाग झाला की काढायचे, त्याच्या आधी बघायचे नाहीत. ही गंमत एकदाच करता येते. एकदा इंटरनेटवर कथानक वाचलंत की मग तुम्हाला काय आठवत होतं आणि काय वाचलं हे वेगळं काढता येत नाही.

मग शोधायचं काम. इथे पहिली अडचण नावाची. नुसतं हम लोग टाकलंत तर १९५१ चा बलराज साहनी आणि नूतनचा हम लोग हा सिनेमा पण येतो, हिंदी न्यूज चॅनेलवरचा त्याच नावाचा चर्चेचा कार्यक्रम पण येतो, आणि वर त्यावरची भाषणं, कविता, काय काय. तेव्हा नावासोबत दूरदर्शन आणि १९८४ हे दोन्ही टाका, किंवा त्याहून चांगलं म्हणजे पात्रांची नावं टाका, बडकी छुटकी मझली असं एकत्र टाकलं की दुसरं काही येतच नाही. देवनागरीत एकदा आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकदा, दोन्हीकडून शोधा, कारण अपलोड करणाऱ्याने काय लिहिलं असेल सांगता येत नाही.

कुठे शोधायचं तर आधी सरकारी दारं ठोठवा. प्रसार भारतीचं वेव्हज म्हणून ॲप आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालं, दूरदर्शनच्या जुन्या कार्यक्रमांचा साठा लोकांपर्यंत न्यायचा हे त्याचं मुख्य काम. आणि यूट्यूबवर प्रसार भारती अर्काइव्हजचं अधिकृत चॅनेल आहे, तिथे प्लेलिस्टमध्ये जाऊन बघा, सर्च बॉक्सवर अवलंबून राहू नका. टीव्हीवर बघणाऱ्या आईबाबांना डीडी रेट्रो हे नाव आठवत असेल, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रामायण परत लागलं आणि लोक अक्षरशः तुटून पडले त्यानंतर एप्रिलमध्ये जुन्या मालिकांसाठी हे चॅनेल काढलं होतं, पण ते नंतर बंद झालं. कुठे काय उपलब्ध आहे हे सतत बदलत असतं, आज असलेलं पुढच्या महिन्यात गायब होतं, म्हणून बघायला सुरुवात करायच्या आधी पूर्ण प्लेलिस्टवरून एक नजर फिरवा की मधले भाग आहेत का. नाहीतर चाळीस भाग बघून गुंतायचं आणि मग पुढचं नाहीच, असं होतं.

खासगी लोकांनी टाकलेले तुकडे पण भरपूर असतात. त्यांच्यावर पूर्ण विसंबू नका, भागांचे नंबर चुकलेले असतात, कधी दोन भाग चिकटवलेले असतात, कधी कॉपीराइटच्या भीतीने चित्र उलटं केलेलं असतं म्हणजे डावीकडचा माणूस उजवीकडे, आणि मुख्य म्हणजे बऱ्याचदा शेवट कापलेला असतो. हम लोगचा शेवट कापलेला भाग बघणं म्हणजे अर्धाच भाग बघणं, का ते पुढे सांगते.

आता टीव्हीच्या सेटिंगचं. हे कोणी सांगत नाही आणि निम्मा वैताग इथूनच येतो. ती मालिका जवळजवळ चौकोनी पडद्यासाठी केलेली आहे, ४:३. आपले आत्ताचे टीव्ही लांबट, १६:९. टीव्हीवर जर फुल किंवा वाइड किंवा झूम असलं काही लावलेलं असेल तर भागवंती बिचारी दुप्पट जाड दिसते नाहीतर दादाजींची टोपी कापली जाते. रिमोटवर पिक्चर साइझ किंवा ॲस्पेक्ट रेशो शोधा आणि ४:३ नाहीतर ओरिजिनल करा, दोन्ही बाजूला काळे पट्टे येऊ देत, ते बरोबर आहेत. मग पिक्चर मोडमध्ये जाऊन व्हिव्हिड काढून टाका, शार्पनेस खाली आणा, कारण जुन्या व्हिडिओ टेपवरचे दाणे शार्पनेसने अजून ठळक होतात आणि चेहऱ्यावर मुंग्या फिरल्यासारखं दिसतं. हालचाल गुळगुळीत करणारी काहीतरी मोशन वगैरे नावाची सेटिंग असते ती पण बंद. मोठ्या ५५ इंचीवर बघायचा हट्ट नको खरं तर, घरात जुना छोटा टीव्ही किंवा टॅबलेट असेल तर त्यावर चित्र कितीतरी चांगलं दिसतं. आवाजासाठी मात्र बाहेरचा स्पीकर लावा, टीव्हीच्या मागच्या बाजूला तोंड असलेल्या त्या चपट्या स्पीकरमधून दादीचं अर्धं बोलणं ऐकूच येत नाही, आणि दादीचं बोलणं चुकवलंत तर काय बघितलंत.

यूट्यूबवर असाल तर ऑटोप्ले बंद करा. हे मी मुद्दाम वेगळं सांगतेय कारण या सगळ्या गाइडमधली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. ऑटोप्ले बंद, स्पीड १ वर, आणि एका बैठकीत एकच भाग.

का म्हणाल तर हिशोब बघा. १५६ भाग, प्रत्येक वीस-बावीस मिनिटांचा, म्हणजे साधारण ५५ तास. बिंज करणारा माणूस दोन आठवड्यांत संपवेल. पण ती लिहिली होती आठवड्याला सरासरी दोन भाग अशा बेताने. बावीस मिनिटं बघायचं आणि मग दोन-तीन दिवस त्यावर बोलायचं, ऑफिसात, नळावर, बसमध्ये, आणि तेवढ्यात लोकांची पत्रं पण पोचायची. म्हणजे मालिकेचा मोठा भाग दोन भागांच्या मधल्या दिवसांत घडायचा, पडद्याच्या बाहेर. ते मधले दिवस काढून टाकले की उरतं ते खरंच संथ आहे. सलग पाच भाग बघितले तर तेच घर, तेच रडणं, तेच बसेसर रामचं झिंगून येणं, डोकं उठतं. तेच तीन दिवसांनी बघितलं की बरं वाटतं, अरे आला का परत पिऊन हा माणूस.

म्हणून माझं वेळापत्रक असं, आठवड्याला तीन भाग. बरोब्बर ५२ आठवडे होतात, म्हणजे एक वर्ष. वर्ष फार वाटत असेल तर रोज एक, साडेपाच महिन्यांच्या आत संपते. त्याच्याहून जोरात जाऊ नका. वेळ मात्र ठरलेली ठेवा, रात्रीच्या जेवणानंतर असेल तर रोज जेवणानंतरच, आणि वेळ टळली तर तो भाग पुढच्या खेपेला, रात्री बारा वाजता एकट्याने बघून टाकायचा नाही. थोडं बंधन पाहिजे. तेव्हा रिवाइंड नव्हतं, लाइट गेली की भाग गेला, आणि मग शेजारच्या काकूंना विचारायला जावं लागायचं की काय झालं.

आता एक धोक्याची सूचना. पहिले तेरा भाग.

याला एक इतिहास आहे आणि तो माहीत असला तर ते तेरा भाग सहन होतात, उलट मजेशीर वाटतात. ही कल्पना मेक्सिकोतून आली. तिकडे मिगेल साबिडो नावाच्या माणसाने सत्तरच्या दशकात शिकवणाऱ्या पण लोकप्रिय होणाऱ्या मालिकांचं एक तंत्रच बसवलं होतं, प्रौढ साक्षरतेवर, कुटुंब नियोजनावर, की गोष्टीत एक चांगलं वागणारं पात्र, एक वाईट वागणारं आणि एक मधलं, डळमळणारं, जे हळूहळू सुधारतं, आणि बघणारा त्या मधल्याच्या जागी स्वतःला बघतो. हे तिकडे जाऊन बघून आले आपले वसंत साठे, तेव्हाचे माहिती आणि प्रसारण मंत्री. आमच्या वर्ध्याचे खासदार हो. रंगीत टीव्ही आणण्यासाठी भांडले ते हेच, त्यामुळे वर्धेकर म्हणून मला ही मालिका थोडी घरचीच वाटते, चालायचंच. पुढे साठेंचं खातं बदललं पण कल्पना टिकली, आणि १९८४ मध्ये देशात जुलै ते ऑक्टोबर या काळात जवळजवळ रोज एक टीव्ही ट्रान्समीटर उभा राहत होता, म्हणजे गावागावात पहिल्यांदा टीव्ही दिसायला लागला आणि त्याच सुमाराला ही मालिका सुरू झाली.

तर सुरुवातीला सरकारचा भर कुटुंब नियोजनावर होता आणि तो पहिल्या तेरा भागांत एवढा ठासून भरला होता की लोक वैतागले. उपदेश उपदेश आणि उपदेश. मग जोशींनी गाडी वळवली, कुटुंब नियोजन मागे ढकललं आणि घरातली भांडणं, मुलींची लग्नं, नोकऱ्या, बाईची घरातली जागा, हे पुढे आणलं. तिथून जी उचलली ती उचललीच. त्यामुळे पहिल्या तेरा भागांत मालिका टाकून देऊ नका. त्यातही आठवड्याला तीनच्या नियमाने बघितलंत तर एक महिना जाईल आणि मग एक दिवस तुमच्या लक्षात येईल की आज कोणी भाषण नाही केलं. घरातल्या ज्यांचा पेशन्स अगदीच कमी आहे त्यांना पहिले दोन भाग दाखवा, माणसं ओळखीची करून द्या, आणि थेट चौदाव्याला बोलवा. मी स्वतः या उड्या मारण्याच्या विरोधात आहे पण घरात शांतता पण पाहिजे.

आता बघायचं काय.

लहानपणी आपण छुटकी नाहीतर नन्हेच्या बाजूने बघितलेली असते, कारण वय तेवढंच. आता तुमचं वय बसेसर राम आणि भागवंतीएवढं झालंय, कदाचित पुढे पण गेलंय. तेव्हा या वेळी एक माणूस निवडा ज्याच्याकडे तेव्हा तुमचं लक्ष गेलंच नव्हतं आणि सगळी मालिका त्याच्या बाजूने बघा. माझं मत विचाराल तर भागवंती निवडा. गंमत अशी आहे की साबिडोच्या तंत्राप्रमाणे भागवंती हे नकारात्मक पात्र होतं, म्हणजे बाईने असं सोसू नये हे दाखवायला ती होती. आणि नंतर अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं तेव्हा कितीतरी जण म्हणाले की भागवंती आदर्श बाई आहे, अशीच बाई पाहिजे. म्हणजे सरकारने काढलं एक आणि लोकांनी घेतलं भलतंच. हे डोक्यात ठेवून जयश्री अरोरांचं काम बघा, ती नुसती गप्प उभी असते तेव्हा पण बघा. आणि मग शेजारी बसलेल्या आईला विचारा की तेव्हा तुला भागवंतीबद्दल काय वाटायचं. एवढा एक प्रश्न विचारण्यासाठी तरी ही सगळी खटपट करावी, आमच्याकडे त्या प्रश्नावर दोन संध्याकाळी गेल्या आणि भाग बघायचा राहूनच गेला, आई म्हणाली मला तिचा राग यायचा पण तेव्हा बोलले असते तर तुझी आजी म्हणाली असती तुला काय कळतं.

दादीचं काम सुषमा सेठ यांचं. त्या तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या! हे कळल्यावर परत बघा, चालणं, बसणं, पाठीचा बाक. दादीला पुढे कॅन्सर होतो, आणि पात्र एवढं लाडकं झालं होतं की मरण बरंच लांबवावं लागलं. मझलीचं काम करणारी दिव्या सेठ त्यांची खरी मुलगी, त्यामुळे आजी नातीचे सीन जरा वेगळे लागतात. बडकी म्हणजे आत्ताच्या हिंदी सिनेमात आईची कामं करणाऱ्या सीमा पाहवा, तेव्हा सीमा भार्गव. घरातल्या तरुण पोरांना न सांगता बसवा आणि ओळखायला सांगा, बहुतेक जण आवाजावरून ओळखतात. लल्लूची बायको उषा म्हणजे रेणुका इसरानी, पुढे महाभारतातली गांधारी. अशी माणसं शोधणं हा एक वेगळाच खेळ होतो आणि ज्यांना गोष्टीत रस नाही ते निदान याच्यासाठी बसतात.

भाषेचं एक आहे. ही हिंदी आपल्या सिनेमातली हिंदी नाही, दादीचा आणि बसेसर रामचा लहेजा अगदी दिल्ली-हरयाणाकडचा आहे. विदर्भातल्या माणसाला सोपं जातं पण कोकणातल्या, सांगली-कोल्हापूरकडच्या आज्जींना पहिले काही भाग जड जातील. मध्ये मध्ये थांबवून भाषांतर करू नका, कान सरावतो. अगदीच अडलं तर भाग संपल्यावर सांगा.

आता अशोक कुमार. प्रत्येक भागाच्या शेवटी दादामुनी अर्धा-पाऊण मिनिट यायचे आणि त्या दिवशी घडलं त्यावर बोलायचे, प्रश्न विचारायचे, लोकांच्या पत्रांचा उल्लेख करायचे. पत्रं तर लाखांनी यायची, बडकीच्या लग्नाला लोकांनी शुभेच्छा पाठवल्या होत्या, खऱ्या लग्नाला पाठवतात तशा. तर हा तुकडा अजिबात पुढे ढकलायचा नाही. उलट असं करा, दादामुनींनी प्रश्न विचारला की पॉज करा. आणि घरातल्यांनी उत्तर द्यायचं. पहिल्यांदा सगळे हसतील, काय शाळा लावलीय म्हणतील, पण आठवड्याभरात बाबा स्वतःहून रिमोट हातात घेऊन पॉज करायला लागतील. मालिका जर मधल्या दिवसांतल्या बोलण्यासाठी बनवलेली होती तर ते बोलणं सुरू करून देणारा माणूस हाच होता. म्हणून शेवट कापलेला व्हिडिओ नको म्हटलं.

आणि तेव्हाच्या मॅगीचं पण बघा, प्रायोजक तेच होते, दोन मिनिटांत होणारी शेवई लोकांना या मालिकेने ओळखीची करून दिली. काही जण भाग बघताना मॅगी करून खातात. करा, पण रोज नको.

कोणाबरोबर बघायचं हे कशावर बघायचं यापेक्षा महत्त्वाचं. शक्यतो ज्यांच्याबरोबर तेव्हा बघितली होती त्यांच्यापैकी एक तरी माणूस पाहिजे. ते दुसऱ्या गावात असतील, भाऊ न्यू जर्सीत असेल, तर एकाच वेळी बघायचा अट्टाहास सोडा, व्हिडिओ कॉलवर एकाचा टीव्ही पुढे एकाचा मागे असला गोंधळ होतो. त्यापेक्षा दोघांनी आपापल्या वेळेला तोच भाग बघायचा आणि व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट टाकायची, टाइप नाही, बोलून. टाइप करताना माणूस छान होता एवढंच लिहितो. बोलायला लागला की मग आठवतं की तेव्हा आपल्याकडे टीव्ही नव्हता आणि कोणाच्या ओसरीत बसून बघायचो आणि त्यांच्या घरी चपला कुठे काढायच्या यावरून कशी भांडणं व्हायची. त्या व्हॉइस नोट सेव्ह करून ठेवा, डिसअपिअरिंग मेसेज चालू असेल तर त्या ग्रुपवर बंद करा.

वयस्कर आईबाबांच्या हातात नुसता मोबाईल देऊन यात आहे बघा असं म्हणून निघून जाऊ नका. जाहिरात मध्ये येते, बोट चुकीच्या जागी लागतं, भलतंच काहीतरी सुरू होतं आणि मग ते परत हात लावत नाहीत. टीव्हीवर लावून द्या आणि वहीत लिहून ठेवा कितवा भाग झाला.

मुलांबद्दल. पोरांना जबरदस्ती करू नका. आमच्या काळी असं होतं हे वाक्य वर्षभरात एकदाही म्हणायचं नाही असं ठरवा, अवघड आहे पण ठरवा. आत येता जाता ती बघतात, दारात उभी राहून बघतात, आणि प्रश्न विचारतात, की हा बाप दारू पिऊन येतो आणि सगळे त्याला जेवायला का वाढतात. उत्तर द्या नीट. काही गोष्टी आज बघताना खटकणारच, लग्नासाठी मुलीला दाखवणं, बापाच्या पिण्याकडे कधीकधी गमतीने बघणं, मझलीने मोठी स्वप्नं बघितली म्हणून तिला मिळालेली शिक्षा. मला स्वतःला मझलीचा सगळा भाग आता बघवत नाही, मुंबईला हिरॉईन व्हायला गेलेली मुलगी म्हणजे तिचं वाटोळंच व्हायला पाहिजे असा सूर त्यात आहे आणि लहानपणी आम्हा मुलींना घरी त्याचाच दाखला दिला जायचा, बघ मझलीचं काय झालं. हे झाकून न ठेवता बोललं तर मालिका आणखी मोठी होते, लहान होत नाही.

हम लोग तुमच्या काळातली नसेल, तुम्ही पस्तीस-चाळीसचे असाल, तर हेच सगळं मराठी मालिकेला लावा. अल्फा मराठी १५ ऑगस्ट १९९९ ला सुरू झालं आणि २००५ मध्ये त्याचं झी मराठी झालं, तेव्हा शोधताना दोन्ही नावांनी शोधा. आभाळमाया घ्या, सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी आता पुन्हा बघताना तुम्ही तिच्याएवढे झालेले असाल. अवंतिका घ्या, मृणाल कुलकर्णींची. हलकंफुलकं पाहिजे असेल तर श्रीयुत गंगाधर टिपरे, दिलीप प्रभावळकर, दिग्दर्शक केदार शिंदे, तीन पिढ्यांचं घर आणि आबांची डायरी. प्रभावळकर १९४४ चे, म्हणजे आबा करायला लागले तेव्हा साठीसुद्धा झाली नव्हती, आणि तरीही आपल्या सगळ्यांच्या डोक्यात ते तेव्हापासून आजोबाच. टिपरे सुरुवात म्हणून सगळ्यात सोपी कारण प्रत्येक भाग आपल्यापुरता पूर्ण होतो, मधला चुकला तरी बिघडत नाही.

फक्त चार दिवस सासूचेच्या नादी पहिल्या झटक्यात लागू नका. २००१ ते २०१३, तीन हजारांच्या वर भाग. वीस मिनिटांचा एक धरला तरी हजार तास. आठवड्याला तीनच्या माझ्या वेळापत्रकाने जवळजवळ वीस वर्षं लागतील, म्हणजे मूळ मालिकेपेक्षा जास्त. रोहिणी हट्टंगडींसाठी बघायचीच असेल तर सुरुवातीचे शंभर एक भाग ठरवून घ्या आणि तिथे थांबा.

याच्याही मागचं पाहिजे असेल, मुंबई दूरदर्शनचं चिमणराव गुंड्याभाऊ वगैरे, तर वर्षभराचं वेळापत्रक विसराच. त्या काळी टेप महाग असायच्या आणि झालेल्या कार्यक्रमावरच पुढचा कार्यक्रम रेकॉर्ड व्हायचा, त्यामुळे जे सापडेल ते तुकड्यात सापडेल. सह्याद्रीच्या चॅनेलवर आणि प्रसार भारतीकडेच शोधा, आणि सापडलं की त्या रात्री सगळ्यांना बोलवा, एकच भाग असला तरी.

हम लोग संपली की ते कागद काढा. वाचून दाखवायचं काम घरातल्या सगळ्यात लहान माणसाला द्या, कारण त्याला काहीच आठवत नसतं आणि तो निर्दयपणे सांगतो की हे झालंच नव्हतं. मग लगेच बुनियाद सुरू करू नका, मोह होतो कारण लेखक तेच जोशी, १९८६ ची, रमेश सिप्पी आणि ज्योती सरूप दिग्दर्शक, लाहोरपासून सुरू होऊन फाळणीतून जाते. ती जास्त चांगली मालिका आहे असं माझं मत, पण जड आहे, आणि हवेलीरामचं सगळं आयुष्य म्हातारपणापर्यंत करणारे आलोक नाथ तेव्हा तिशीचे होते हे बघताना दर वेळी विसरायला होतं. महिनाभर जाऊ द्या, त्या वेळेला घरात पत्ते खेळा, आणि मग परत कोऱ्या कागदापासून सुरू करा.